तयार गेमिंग पीसी: कूलर बदलायचा आणि रॅम वाढवायची आहे, मदत हवी (कोल्हापूर)

पंचगंगाकाठ: मंडळी, तातडीने मदत हवी आहे. कंपनीचा तयार गेमिंग पीसी आहे. गेम सुरू करून थोडा वेळ झाला की पंखा बोंबलायला लागतो, पार माजघरापर्यंत आवाज जातो. मग गेम अडकत अडकत चालतो. प्रोसेसर गार ठेवणारा कूलर कोणता घेऊ आणि रॅम किती टाकू? उद्या सकाळी राजारामपुरीत दुकानात जाणार आहे, आज रात्रीपर्यंत सांगा. नुसती नावं सांगितली तरी चालेल.

सायली_हार्डवेअर: मॉडेल कोणतं? प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, आता रॅम किती आहे, बोर्डवर स्लॉट किती? तापमान बघितलंय का? यातलं काहीच न कळता नाव सांगणं शक्य नाही.

नादखुळा_गेमर: डोळे झाकून २४० मिमीचा लिक्विड कूलर (पाण्यासारख्या द्रवाने गार करणारा) घे भावा. मी बसवल्यापासून मशीन एकदम गार. रॅम ३२, विषय संपला.

सायली_हार्डवेअर: त्याचा रेडिएटर, म्हणजे पंखे असलेली जाळी, लावणार कुठे? तयार पीसीच्या कॅबिनेटमध्ये वरच्या बाजूला जाळीच नसते बऱ्याचदा. आधी माहिती येऊ दे.

संध्या_इचलकरंजी: माझ्या लॅपटॉपलाही हाच त्रास होता. खाली दोन पंख्यांचं कूलिंग पॅड ठेवलं, बराच फरक पडला.

पंचगंगाकाठ: ताई, डेस्कटॉप आहे, लॅपटॉप नाही. आय५ आहे, ८ जीबी, आरटीएक्स ३०६०. कंपनीचं नाव लिहीत नाही, वॉरंटी चालू आहे. आता सांगा कूलर.

सायली_हार्डवेअर: आय५ कितव्या पिढीचा? कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. उजवीकडे खाली स्पीड, स्लॉट्स यूज्ड आणि फॉर्म फॅक्टर लिहिलेलं असतं, ते तिन्ही टाका. मग एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, गेम अर्धा तास चालवा आणि सीपीयू (प्रोसेसर), जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) दोन्हींचं जास्तीत जास्त तापमान लिहा.

अण्णा_शाहूपुरी: अर्थिंग तपासलंत का? जुन्या वाड्यांत अर्थिंग नसतंच. टेस्टर लावा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात का ते बघा. आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवलं असेल तर आजच टेबलावर घ्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या कुंभार गल्लीत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी गाद्या उचलल्या आणि कॉम्प्युटर खालीच राहिले. २०२१ च्या जुलैत परत तेच.

पंचगंगाकाठ: अण्णा, टेबलावरच आहे. हे घ्या: आय५-१२४००एफ. मेमरी ३२००, स्लॉट २ पैकी १ वापरात, डीआयएमएम. इन यूज ७.३ जीबी. सीपीयू ८६, जीपीयू ८१. ८६ म्हणजे जळायला आलाय ना?

सायली_हार्डवेअर: नाही. या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे, ३०६० ची ९३. दोन्ही तापलेत, पण स्वतःला आवरतं घ्यायची वेळ अजून आलेली नाही. गेम अडकतोय तो रॅममुळे. एकूण ८ मधली ७.३ भरली की विंडोज उरलेलं एसएसडीवर लिहायला लागतं, आणि एसएसडी कितीही वेगवान असली तरी रॅमच्या जवळपास येत नाही. शिवाय रॅमची एकच पट्टी असल्यामुळे मेमरी एकाच चॅनलवर चालतेय. दुसऱ्या स्लॉटमध्ये तशीच पट्टी टाकली की डेटा जायची वाट दुप्पट रुंद होते. आवाजाचं कारण वेगळं आहे. साइड पॅनल काढून तोच गेम परत चालवा आणि आकडे सांगा.

असेंबल_करा_भाऊ: मी पहिल्यापासून सांगतोय, तयार पीसी घेऊच नये. बोर्ड त्यांचा, पॉवर सप्लाय त्यांचा, कनेक्टरही वेगळे. विकून टाका, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणा, मनासारखा पीसी बांधा.

सायली_हार्डवेअर: माणूस कूलर विचारतोय, तुम्ही पीसी विकायला लावताय. २०२५ च्या शेवटापासून एआय डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कुठे गेलेत बघितलंत का? आज नवीन बांधायला सांगणं म्हणजे त्याचा खिसा कापणं आहे.

असेंबल_करा_भाऊ: भाव चढलेत ते मान्य. पण ज्याच्या बायोसमध्ये (बोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) फारसं काही बदलता येत नाही अशा बोर्डवर पैसे घालणंही पटत नाही. उद्या प्रोसेसर बदलायचा झाला तर काय करणार?

फाउंड्रीवाला_शिरोली: दोघांचंही बरोबर असेल, पण धूळ कोणी विचारली नाही. आमच्याकडे शिरोलीला कॅबिनेट महिनाभरात काळं होतं. आधी साफ करा. कंपनीतल्या मोठ्या कंप्रेसरने मारू नका, त्या हवेत पाणी आणि तेल असतं, बोर्डवर बसतं. हातातला छोटा ब्लोअर घ्या. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं भिरभिरू दिलं तर बेअरिंग जातं.

पंचगंगाकाठ: साइड पॅनल काढून गेम चालवला. सीपीयू ७२, जीपीयू ७३, आवाजही निम्म्याने कमी. म्हणजे कूलर नकोच का? मला तर टॉवर कूलर (उभा, उंच कूलर) घ्यायचा होता.

सायली_हार्डवेअर: म्हणजे हवाच आत येत नाहीये. पुढची बाजू बंद आहे ना, प्लास्टिकची किंवा काचेची? मागचा पंखा हवा बाहेर ओढतोय, पण आत यायला वाट नाही. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा आत फिरून सीपीयूचा कूलर तीच ओढतो. यात टॉवर कूलर बसवलात तरी तो गरम हवाच ओढणार.
तरीही टॉवर हवाच असेल तर दोन गोष्टी बघा. बोर्डपासून साइड पॅनलपर्यंत मोजपट्टी धरून उंची मोजा. १२० मिमी पंख्याचे टॉवर बहुतेक १५० ते १६० मिमी उंच असतात. आणि बोर्डच्या मागे सुटी प्लेट आहे का, की कूलरचे स्क्रू थेट कॅबिनेटच्या पत्र्यात गेलेत?

नादखुळा_गेमर: एवढं मोजमाप कशाला? दुकानदार बसवून देतो की.

सायली_हार्डवेअर: दुकानदार पत्रा कापून देणार नाही. १२व्या पिढीच्या एलजीए १७०० सॉकेटला (प्रोसेसर बसतो ती जागा) कूलरच्या भोकांमधलं अंतर ७८ मिमी आहे, आधीच्या इंटेलला ७५ होतं. कपाटात पडून राहिलेला जुना कूलर "बसतोय बघा" म्हणून दिला तर एका कोपऱ्यावर दाब येतो आणि तापमान आहे तिथेच राहतं.

पंचगंगाकाठ: उंची १४० भरतेय. मागे प्लेट नाही, स्क्रू पत्र्यातल्याच खुंट्यांत गेलेत. पुढे प्लास्टिक आहे, आत पंख्याची रिकामी जागा दिसते.

सायली_हार्डवेअर: मग टॉवर सोडा. बोर्ड पूर्ण बाहेर काढल्याशिवाय बसणार नाही, आणि वॉरंटीत ते करू नका. पुढच्या रिकाम्या जागेत १२० मिमीचा, चार पिनांचा पंखा लावा. आधी ती जागा १२० चीच आहे ना ते मोजा. बोर्डवर पंखा जोडायची दुसरी जागा (हेडर) नसेल तर मागच्या पंख्याच्या हेडरवर वाय-केबल (एकाचे दोन फाटे करणारी) लावा. एका हेडरवर साधारण १ अँपिअर चालतो, दोन साध्या पंख्यांना पुरतो. दिव्यांचे पंखे मात्र त्यावर टांगू नका. हवा आतल्या बाजूला ढकलली गेली पाहिजे, बाण बघून लावा.

कागलचा_वाचक: वॉरंटीचं काय? आमच्याकडे इंजिनिअरने सील तुटलेलं बघून हात वर केले होते.

सायली_हार्डवेअर: सर्व्हिस सेंटरला ईमेल करून विचारा, रॅम आणि कॅबिनेटचा पंखा ग्राहकाने लावला तर चालतो का म्हणून. फोनवरचं "हो" उपयोगाचं नाही, लेखी उत्तर ठेवा.

पंचगंगाकाठ: ठीक, ईमेल करतो. रॅम कोणती घेऊ? दुकानात फोन केला, तो म्हणतो गेमिंगची घ्या, वर पत्रा असलेली, दिवे लागतात.

सायली_हार्डवेअर: पट्टीवरचं लेबल वाचून दाखवा.

पंचगंगाकाठ: ८जीबी १आरएक्स८ पीसी४-३२००एए-यूए२.

सायली_हार्डवेअर: उत्तम. पीसी४ म्हणजे डीडीआर४. डीडीआर५ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणारच नाही. ३२००एए म्हणजे ३२०० चा वेग, आणि यू म्हणजे डेस्कटॉपची मोठी पट्टी. लॅपटॉपच्या छोट्या पट्टीवर तिथे एस असतो.
गेमिंगच्या पट्ट्यांचं असं असतं की डब्यावर ३२०० लिहिलेलं असतं, पण तो वेग बायोसमधली एक्सएमपी ही सेटिंग चालू केल्यावर मिळतो. एक्सएमपी नसेल तर त्यातल्या बऱ्याच २६६६ किंवा त्याहून खाली चालतात. तुमच्या बायोसमध्ये एक्सएमपी सापडलं नाही तर तुमची जुनी पट्टीसुद्धा त्यांच्या वेगावर उतरेल. म्हणून साधी, १.२ व्होल्टची, ३२००एए लिहिलेली ८ जीबी मागा. जुनी पट्टी काढून सोबत न्या, लेबलाला लेबल जुळवा.

असेंबल_करा_भाऊ: हे मात्र बरोबर आहे. डब्यावरचा १.३५ व्होल्टचा आकडा बघूनही ओळखता येतं, तो एक्सएमपीचा.

पंचगंगाकाठ: बसवताना काही काळजी?

फाउंड्रीवाला_शिरोली: प्लग काढा, मग पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा म्हणजे उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मगच पट्टी धरा, सोनेरी कडेला बोट नको. खटका वाजेपर्यंत दाबा. लोक घाबरून अर्धवट बसवतात आणि मग स्क्रीन येत नाही.

सायली_हार्डवेअर: आणि पहिल्यांदा सुरू होताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहिली तर लगेच बंद करू नका, बोर्ड नवीन मेमरी ओळखत असतो.

पंचगंगाकाठ: राजारामपुरीतून आणली, लेबल जुळवूनच. टास्क मॅनेजरमध्ये १६ जीबी, ३२००, २ पैकी २. गेम अडकायचा पूर्ण थांबला. सायलीताई, मनापासून आभार. चार पिनांचा पंखा मिळाला नाही, सोमवारी येणार म्हणाले. तोवर साइड पॅनल उघडं ठेवून खेळू का?

सायली_हार्डवेअर: थोडे दिवस चालेल. घरात लहान मूल किंवा मांजर असेल तर नको. पंखा लावल्यावर पॅनल बंद करूनचे आकडे टाका.

नवा_सदस्य_गडहिंग्लज: माझा पण असाच तयार पीसी आहे, आय५-१०४००. हीच रॅम घेऊ का?

सायली_हार्डवेअर: घेतली तर चालेल, पण तो प्रोसेसर २६६६ लाच चालवेल. वेगळा धागा काढा आणि पहिल्याच पोस्टमध्ये पट्टीच्या लेबलाचा फोटो टाका.