अमेरिकेत बोटीवरून उतरवून नेलेला माणूस काउंटी जेलच्या नोंदीत कसा शोधायचा?

दाभोळखाडी – मंगळवार, रात्री ९.४०

गुहागर तालुक्यातला मुलगा क्रूझ बोटीवर स्टुअर्ड आहे. बोट फ्लोरिडात पोर्ट कॅनावेरलला लागली तेव्हा त्याला उतरवून नेलं, एवढंच मॅनिंग एजंट (बोटीवर माणसं भरणारा) सांगतो. कुणी नेलं, कुठे ठेवलंय, गुन्हा काय, काही कळत नाही. घरच्यांचं इंग्रजी बेताचं. पोर्ट कॅनावेरल ब्रेव्हार्ड काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) येतं असं कळल्यावर तिथल्या शेरीफच्या, म्हणजे पोलीसप्रमुखाच्या, कैद्यांच्या यादीत नाव टाकून पाहिलं, आलं नाही. गूगलवर शोधलं तर कैद्यांच्या फोटोंच्या साइट निघाल्या. त्यातली एक 'पूर्ण रिपोर्ट'साठी २९ डॉलर मागते. पैसे भरावेत का? की अटकच झालेली नाही असं समजायचं? बोट लागली शनिवारी सकाळी.

चौथी_घंटी – मंगळवार, रात्री १०.१५

पैसे अजिबात भरू नका. काउंटीची यादी फुकट असते आणि त्या साइट तिथूनच माहिती उचलतात, तीही शिळी.

यादीत नाव नाही म्हणजे अटक नाही, असं समजू नका. आधी नाव कसं नोंदलं असेल ते बघा. आपल्या पासपोर्टवर आडनावाचा एक रकाना आणि नावाचा एक, त्या दुसऱ्यात स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात. बुकिंग, म्हणजे जेलमध्ये आल्याची नोंद, करणारा माणूस कधी दोन्ही जोडून टाकतो, कधी वडिलांचं नाव मधल्या रकान्यात, कधी नावाच्या जागी आडनाव. म्हणून पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली तीन-चार अक्षरं टाका, नाव रिकामं सोडा आणि जन्मतारखेवरून ओळखा. तिकडे आधी महिना, मग दिवस. आपला ५ नोव्हेंबर तिकडे ११/०५ असतो. आपल्या सवयीने वाचलंत तर तो ११ मे होतो आणि 'हा आपला नव्हे' म्हणून माणूस पुढे जातो.

स्पेलिंगचा घोळ आपल्याकडच्या आडनावांना फार छळतो. सावंत व्हीने की डब्ल्यूने? मुकादममध्ये डी एक की दोन? पारकर तर हमखास पार्कर होऊन बसतो, कारण टाइप करणाऱ्याच्या ओळखीचं आडनाव तेच. मोहम्मदची चार-पाच रूपं धरून चाला. पासपोर्टवर एकच नाव असेल, तर अमेरिकन व्हिसावर ते आडनावाच्या जागी छापलं जातं आणि नावाच्या जागी 'एफएनयू' येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. जेलच्या नोंदीतही मग तसंच उतरतं.

दुसरी गोष्ट वेळेची. पकडलं की लगेच नाव चढत नाही. बोटांचे ठसे, फोटो, अंगावरच्या वस्तूंची पावती, तब्येतीची विचारपूस, एवढं झाल्यावर नोंद दिसते. साधारण चार-सहा तास, शनिवारच्या रात्री त्याहून जास्त. तुमच्या बाबतीत तीन दिवस उलटलेत, त्यामुळे उशीर हे कारण आता लागू नाही. एक तर स्पेलिंग, नाहीतर ताबा दुसऱ्याच कुणाचा.

मालवणचो_दर्यावर्दी – मंगळवार, रात्री १०.५२

शिरा पडो त्या फोटोच्या साइटींर. फोटो काढून टाकण्यासाठी पैसे मागणं कॅलिफोर्नियात २०१५ पासून आणि फ्लोरिडात २०१८ पासून बेकायदा आहे, तरी धंदा चालूच. केस रद्द झाली तरी तिथला फोटो तसाच राहतो.

फोनही करून बघा. काही काउंट्यांच्या साइट अमेरिकेबाहेरून उघडत नाहीत, काही उघडतात पण शोध अर्धवट चालतो, आणि माणसाला वाटतं नावच नाही. जेलच्या नंबरला लावून बुकिंग विभाग मागा. फ्लोरिडात सध्या उन्हाळी वेळ असेल तर ते आपल्या साडेनऊ तास मागे, तिकडे सकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत साडेदहा तास. बुकिंग विभाग रात्रीही चालू असतो, पण कोर्टाचं ऑफिस संध्याकाळी पाचला बंद.

फोनवर लांबण लावू नका. आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगा, जन्मतारीख महिना आधी बोलून सांगा, आणि पाच गोष्टी लिहून घ्या: बुकिंग नंबर, कलमं, बॉन्ड (जामिनाची रक्कम) किती, कुणाचा होल्ड (दुसऱ्या खात्याने 'सोडू नका' म्हणून घातलेली अडवणूक) आहे का, पुढची कोर्टाची तारीख. कैद्याला निरोप देत नाहीत, बोलवूनही देत नाहीत. तिथे हुज्जत घालण्यात अर्थ नाही.

मांडवी_जेटी – मंगळवार, रात्री ११.३०

ताब्याबद्दल थोडं सविस्तर, कारण बोटीवरच्या माणसाचं बहुतेक घोडं इथेच पेंड खातं.

काउंटी जेल शेरीफच्या हाताखाली. तिथे स्थानिक पोलीस आणि शेरीफ यांनी पकडलेली माणसं येतात. मुलाने किनाऱ्यावर, बारमध्ये किंवा दुकानात काही केल्याचा आरोप असेल तर ब्रेव्हार्डच्या जेलमध्येच असणार, ते कोको शहराजवळ आहे. पण घटना भर समुद्रात बोटीवर घडली असेल तर प्रकरण एफबीआयकडे, म्हणजे फेडरल (केंद्र सरकारचं). ब्रेव्हार्डची फेडरल प्रकरणं ऑर्लँडोच्या कोर्टात चालतात. फेडरल आरोपीला यूएस मार्शल्स सांभाळतात, पण त्यांची स्वतःची जेलं नाहीत, ती आसपासच्या काउंट्यांकडून जागा घेतात. त्यामुळे ब्रेव्हार्डमध्ये पकडलेला माणूस शेजारच्या सेमिनोल काउंटीच्या यादीत सापडू शकतो. तिथे कलमाच्या जागी फक्त 'यूएस मार्शल होल्ड' असं लिहिलेलं असतं, गुन्ह्याचा पत्ता नाही. गुन्हा बघायचा तर फेडरल कोर्टाच्या पेसर या साइटवर खातं उघडा. पानाला दहा सेंट लागतात, पण तीन महिन्यांत तीस डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ. फेडरल तुरुंग खात्याची वेगळी शोध-साइट आहे. तिथे नाव नाही आलं तरी घाबरू नका, खटला चालू असलेले आणि काउंटीत ठेवलेले लोक तिथे बऱ्याचदा दिसत नाहीत.

तिसरी शक्यता इमिग्रेशनची. बंदरावर पासपोर्ट तपासणारे सीबीपीवाले परस्पर ताब्यात घेऊ शकतात. मग काउंटीच्या यादीचा संबंधच नाही. आयसीई या इमिग्रेशन खात्याचा ऑनलाइन लोकेटर (शोध-साइट) आहे, त्यात नाव, आडनाव आणि जन्माचा देश भारत असं टाकायचं. काउंटीसारखी अर्धवट अक्षरं इथे चालत नाहीत, स्पेलिंग तंतोतंत जुळलं तरच माणूस दिसतो. ए-नंबर (इमिग्रेशन परदेशी माणसाला देतं तो नंबर) मिळाला तर उत्तम. तो नऊ आकडी लागतो, आठच आकडे असतील तर पुढे शून्य लावा. सीबीपीच्या ताब्यातला माणूस ४८ तासांनंतरच तिथे दिसतो.

आणि चौथी, जी कुणाच्या लक्षात येत नाही. मालवाहू बोटींवर तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याचं प्रकरण निघालं की कोस्ट गार्ड काही क्रूला साक्षीदार म्हणून उतरवून घेतं. बोटीच्या मालकाबरोबर करार होतो, क्रूला हॉटेलात ठेवतात, पगार आणि जेवण मालकाकडून. गावाकडे मात्र बातमी 'पोलिसांनी नेला' अशीच पोचते. ही माणसं कुठल्याच जेलच्या यादीत नसतात, कारण ती अटकेत नसतातच. क्रूझ स्टुअर्डच्या बाबतीत शक्यता कमी, पण इंजिनवाल्यांच्या घरच्यांनी ध्यानात ठेवावी.

एजंटला 'काय झालं' असं मोघम विचारू नका. 'पोर्ट एजंटचा ईमेल दाखवा' म्हणा. बोटीच्या तिथल्या एजंटला कुठल्या खात्याने माणूस उतरवला ते कळवलेलं असतं.

दाभोळखाडी – बुधवार, रात्री ८.०५

मिळाला! आडनावात एक अक्षर चुकलेलं होतं. पहिली चार अक्षरं टाकून ब्रेव्हार्डच्याच यादीत सापडला. बुकिंग शनिवारी रात्रीचं. एका कलमासमोर बॉन्ड दोन हजार डॉलर, त्याखाली दुसरी ओळ, त्यात 'होल्ड' आणि बॉन्ड शून्य. शून्य म्हणजे त्यातून सुटला ना? मुंबईतले नातेवाईक दोन हजार जमवायला लागलेत.

मांडवी_जेटी – बुधवार, रात्री ८.३०

थांबवा त्यांना, पैसे लगेच भरू नका. होल्डसमोरचं शून्य म्हणजे सुटका नव्हे. त्या ओळीवर जामीनच नाही, किंवा तो ठरवणारं खातं वेगळं आहे. हा होल्ड कुणाचा ते फोन करून विचारा. आयसीईचा असेल तर असं होतं: तुम्ही दोन हजार भरता, काउंटीच्या नोंदीत 'रिलीज्ड' दिसतं, घरी आनंद, आणि मुलगा गेटबाहेर येण्याऐवजी सरळ इमिग्रेशनच्या ताब्यात जातो. अशा होल्डवर काउंटी त्याला सुटकेच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत धरून ठेवू शकते. क्रू व्हिसावरच्या माणसाचा किनाऱ्यावरचा परवाना फार तर २९ दिवसांचा असतो, आणि अटक झाली की तोही रद्द होऊ शकतो.

पूर्ण रक्कम कोर्टात भरली तर तारखा पाळल्यावर परत मिळते. बॉन्ड एजन्सीकडून (फी घेऊन जामीन राहणारी कंपनी) गेलात तर फ्लोरिडात दहा टक्के, म्हणजे दोनशे डॉलर, ते त्यांचे झाले, परत नाहीत. आणि इमिग्रेशनच्या ताब्यात असल्यामुळे मुलगा काउंटी कोर्टाच्या तारखेला पोचला नाही, तर बॉन्डवर नवीनच कटकट. आधी वकिलाशी बोला.

चौथी_घंटी – बुधवार, रात्री ९.१०

वकिलासाठी पैसे नसले तरी वकील मिळतो. ऐपत नसेल तर फौजदारी खटल्यात आरोपीच्या बाजूने सरकारी खर्चाने वकील द्यावाच लागतो. अमेरिकी सुप्रीम कोर्टाच्या १९६३ च्या गिडियन निकालापासूनचा हा हक्क आहे आणि तो परदेशी माणसालाही आहे. ब्रेव्हार्ड अठराव्या सर्किटमध्ये (कोर्टाच्या विभागात) येतं, तिथल्या पब्लिक डिफेंडरच्या (हे वकील देणाऱ्या) कार्यालयात बुकिंग नंबर देऊन विचारा. फ्लोरिडात अटकेपासून २४ तासांत न्यायाधीशासमोर पहिली हजेरी होते, रविवार असला तरी. म्हणजे ती होऊन गेली आहे आणि वकील बहुधा तेव्हाच नेमला गेला असेल. काउंटीच्या क्लर्क ऑफ कोर्टच्या (कोर्टाच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसच्या) साइटवर नाव टाका, केस नंबर, वकील आणि पुढची तारीख तिथे दिसेल. आजच त्याची प्रत काढून ठेवा. जेलची यादी आत असलेल्यांची असते, माणूस हलवला की नाव एक-दोन दिवसांत उडतं. क्लर्ककडची नोंद राहते.

वकिलाला पहिल्याच वाक्यात सांगा की हा भारतीय नागरिक आहे आणि क्रू व्हिसावर आहे. गुन्हा कबूल केला तर इमिग्रेशनवर काय परिणाम होईल ते सांगणं सुप्रीम कोर्टाच्याच २०१० च्या पाडिया निकालापासून वकिलावर बंधनकारक आहे. 'कबूल कर, आजच घरी' असं सुचवलं गेलं की थकलेला मुलगा हो म्हणतो, आणि पुढे अमेरिकेला जाणाऱ्या बोटीवर साइन ऑन करायची (कामावर चढायची) वेळ आली की व्हिसा मिळत नाही. इमिग्रेशनच्या केसमध्ये मात्र सरकारी खर्चाने वकील नाही.

मालवणचो_दर्यावर्दी – बुधवार, रात्री ९.४५

कॉन्सुलेट राहिलं. फ्लोरिडा अटलांटाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं. टेक्सास आणि लुइझियाना ह्यूस्टनकडे. काही देशांच्या माणसाला पकडलं की अमेरिकेने आपणहून कळवायचं असतं, पण भारत त्या यादीत नाही. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाप्रमाणे अटकेतल्याने मागणी केली तरच कळवतात. मुलांना हे ठाऊक नसतं, किंवा घरी कळेल म्हणून नको म्हणतात. तुम्ही स्वतः ईमेल करा: पासपोर्ट आणि सीडीसीची (खलाशाच्या नोंदपुस्तिकेची) प्रत, बुकिंग नंबर, जेलचं नाव. सोबत परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाका, म्हणजे नंबर मिळतो आणि पाठपुरावा करता येतो.

दुसऱ्या बंदरांसाठी: मायामीत जेल शेरीफकडे नाही, काउंटीच्या करेक्शन्स खात्याकडे आहे. न्यू ऑर्लिन्सला काउंटी नसतेच, पॅरिश म्हणतात, तर ऑर्लिन्स पॅरिश शोधा. कनेक्टिकटमध्ये काउंटी जेल नाही, सगळं राज्याच्या खात्याकडे.

जेलचे फोन रेकॉर्ड होतात. मुलाचा फोन आला तर तब्येत विचारा, वकिलाचं नाव विचारा, 'नक्की काय झालं रे' विचारू नका. आणि यादीतला फोटो गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाता कामा नये. कालपासून तिथे कुणी टाकला असेल तर आजच काढायला सांगा.

दाभोळखाडी – गुरुवार, सायंकाळी ६.२०

फोन लागला. होल्ड इमिग्रेशनचाच आहे. वकिलाचं नाव क्लर्कच्या साइटवर मिळालं, बॉन्ड तूर्त थांबवलाय. अटलांटाला ईमेल गेला. ए-नंबर अजून पडलेला नाही म्हणतात, तो कधी मिळतो?

मांडवी_जेटी – गुरुवार, सायंकाळी ७.००

इमिग्रेशनने कागद काढले की पडतो. होल्डच्या नोटिशीची एक प्रत मुलाला देतात, त्यावर असेल तर वकिलाला फोटो काढून पाठवायला सांगा. तोवर रोज एकदा काउंटीची यादी बघत राहा. तिथून नाव गेलं की दुसऱ्या दिवशी आयसीईच्या लोकेटरवर शोधा, दोन्ही स्पेलिंगने, पासपोर्टवरच्या आणि जेलने चुकवलेल्या.