ॲपच्या कॅबमध्ये अपघात, उजवं मनगट मोडलं. २५ हजारांच्या कागदावर सही करू का? मदत हवी आहे

सईची आई

नमस्कार. मी सांगते आहे आणि लेक टाइप करते आहे, कारण माझा उजवा हात अजून चालत नाही.

मी साताऱ्यात राहते, वय ४१. नऊ वर्षं घरून पोळी-भाजीचे डबे देते. अपघाताच्या आधी २६ डबे होते. पहाटे साडेचारला उठून साधारण १३० पोळ्या लाटायच्या, हा रोजचा नेम.

१२ जूनला लेकीच्या ॲडमिशनच्या चौकशीसाठी वाकडला बहिणीकडे गेले होते. परतताना कात्रजला एसटी पकडायची म्हणून ॲपवरून कॅब बोलावली. पिवळ्या पाटीचीच गाडी होती. रात्रीचे साडेआठ झाले असतील, पाऊस भुरभुरत होता. वारजे मागे पडलं आणि ड्रायव्हरच्या फोनवर पुढच्या भाड्याची घंटी वाजली. त्याची नजर खाली गेली, अंगठा स्क्रीनवर होता, हे मी मागच्या सीटवरून माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुढे कडेला एक टेम्पो उभा होता, त्याचे मागचे दिवे बंद होते. ब्रेक लागलाच नाही. मी पुढच्या सीटला हात लावला आणि मनगट उलटं फिरलं. काचेच्या बांगड्या फुटून आत रुतल्या होत्या, त्या दवाखान्यात चिमट्याने एकेक काढल्या.

ऑपरेशन झालं, प्लेट आणि सात स्क्रू बसवले. बिल १,८६,४०० रुपये. यजमानांच्या मेडिक्लेममधून १,२०,००० मिळाले, उरलेल्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं. सहा आठवडे झाले. परवा लाटणं हातात घेऊन पाहिलं. पहिल्याच पोळीला मनगटातून कोपरापर्यंत कळ गेली, पोळी एका अंगाला जाड राहिली, ती उचलून तव्यावर टाकतानाही हात थरथरत होता. डबे सगळे बंद आहेत. अकरा जणांनी दुसरीकडे लावलेसुद्धा.

आता अडचण. त्या रात्री पोलीस आले होते, पण फक्त डायरीत नोंद झाली. नंतर यजमान गेले तर "गाडीमालक चांगला माणूस आहे, आपसात मिटवा" असं सांगितलं. टेम्पो तर निघूनच गेला, नंबर कोणी घेतला नाही. ॲपवर तक्रार केली, दोन दिवसांनी "आम्ही दिलगीर आहोत" असा मेसेज आला आणि तक्रार बंद केली. परवा गाडीमालक घरी आले, २५ हजार रोख आणि एक छापील कागद घेऊन. त्यावर लिहिलंय की हा पूर्ण व अंतिम मोबदला आहे, यापुढे कोणाविरुद्धही दावा करणार नाही. बुधवारी पुन्हा येणार आहेत.

मला भांडण नको आहे, पण कर्जाचा हप्ता सुरू झालाय. सही करू का? नाही केली तर पैसे कोणाकडे मागायचे, कॅबवाल्याकडे, टेम्पोकडे की ॲपकडे? मेडिक्लेम घेतला म्हणून दवाखान्याचा खर्च मागता येणार नाही असं एकजण म्हणाले, ते खरं का? मी कधी रिटर्न भरलेलं नाही, मग माझी कमाई धरणार कोण? आणि तारखांसाठी दर वेळी पुण्याला जावं लागेल का? कृपया अनुभव असेल त्यांनी सांगा.

कृष्णाकाठ

ताई, बाकी सगळं नंतर, आधी एवढंच: सही करू नका. माझ्या वडिलांना सांगलीत असाच कागद दिला होता, १५ हजारांचा. आम्ही सही केली. पुढे पायात रॉड घालायची दुसरी शस्त्रक्रिया निघाली आणि दावा लावला तेव्हा विमा कंपनीच्या वकिलाने तोच कागद पुढे केला. न्यायाधीशांनी आमचं ऐकून घेतलं, पण त्या एका कागदावर दीड वर्ष वाद चालला. बुधवारी ते आले की चहा द्या आणि "घरात विचार करून सांगतो" म्हणा. कागदाचा फोटो मात्र काढून ठेवा.

ॲड. माणदेश

मी अपघात दाव्यांचं काम करतो. तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा पक्की आहे.

पहिलं म्हणजे एफआयआर. हाड मोडणं ही कायद्याने "गंभीर दुखापत" आहे. बेदरकारपणे कोणाला गंभीर दुखापत केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२५ (ब) आणि गाडी चालवण्याबद्दल कलम २८१ लागतं. हे दखलपात्र गुन्हे आहेत, डायरीतल्या नोंदीवर भागत नाही. तुम्हाला पुण्याला जायचीही गरज नाही. साताऱ्यातल्या तुमच्या पोलीस ठाण्यात लेखी फिर्याद द्या, हद्द कोणतीही असो ती घ्यावी लागते आणि मग पुण्याकडे वर्ग होते. याला शून्य क्रमांकाची एफआयआर म्हणतात. घेतली नाही तर तीच फिर्याद पोस्टाने वरिष्ठांकडे पाठवा, पोच जपून ठेवा. फिर्यादीत फोनचा भाग जसा पाहिलात तसा लिहा आणि टेम्पोचे दिवे बंद होते हेही लिहा. काही लपवू नका, काही वाढवू नका.

एफआयआर झाली की तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल न्यायाधिकरणाकडे, म्हणजे अपघाताच्या भरपाईचे दावे चालवणाऱ्या कोर्टाकडे, द्यायचा असतो आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल. १ एप्रिल २०२२ पासून हे नियम आहेत. जखमी माणसाला त्याचे हक्क सांगणारा एक छापील नमुनाही पोलिसांनी द्यायचा असतो. तो मागून घ्या. मागितला की समोरच्यालाही कळतं की यांना माहिती आहे.

आता दावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात पुण्यात झाला तरी तुम्ही राहता तिथे, म्हणजे साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात तो लावता येतो. मुदत अपघातापासून सहा महिने. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्यावर विसंबू नका. ११ डिसेंबर ही तुमची शेवटची तारीख धरून चाला, दिवाळीआधीच अर्ज जाऊ द्या.

पैसे कोणाकडे मागायचे, तर ड्रायव्हर, गाडीमालक आणि कॅबची विमा कंपनी हे तिघे जाबदेणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध दावा लावायचा ते. भाडं देऊन बसलेला प्रवासी कॅबच्या विम्यात धरलेला असतो. विमा कंपनीचं नाव परिवहनच्या ॲपवर गाडी नंबर टाकला की दिसतं. टेम्पो सापडला नाही म्हणून घाबरू नका. तुम्ही मागे बसलेल्या, तुमची चूक शून्य. दोन गाड्यांच्या निष्काळजीपणातून प्रवासी जखमी झाला तर तो पूर्ण भरपाई दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केलंय. कोणाचा वाटा किती ते त्यांनी आपसात बघावं.

ॲप कंपनी "आम्ही फक्त गाठ घालून देतो" असं म्हणेल. तरी तिला जाबदेणार करा. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ॲपवाल्यांनी प्रवाशाचा किमान ५ लाखांचा विमा ठेवावा असं म्हटलं आहे. आजच त्यांना ईमेल करून त्या फेरीच्या विम्याची कागदपत्रं लेखी मागा. फेरीची पावती, नकाशा, ड्रायव्हरचं नाव, वेळ, सगळ्याचे स्क्रीनशॉट घ्या. जुन्या फेऱ्या ॲपमधून नंतर दिसेनाशा होतात.

मेडिक्लेमबद्दल तुम्हाला चुकीचं सांगितलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने मार्च २०२५ मध्ये निकाल दिला की मेडिक्लेमची रक्कम भरपाईतून वजा करायची नाही. तुम्ही हप्ता भरून घेतलेला तो विमा आहे, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला कशाला? पूर्ण १,८६,४०० मागा.

सईची आई

वकीलसाहेब, तुमचं उत्तर वाचून बऱ्याच दिवसांनी रात्री झोप लागली. कमाईचं मात्र अजून समजत नाही. माझ्याकडे फक्त डब्यांची वही आहे, नावापुढे टिकल्या आणि महिन्याचा हिशेब. काही जण फोनवरून पैसे टाकतात, काही रोख देतात. सगळा खर्च जाऊन महिन्याला १५ हजार सुटायचे.

ॲड. माणदेश

ताई, ती वही म्हणजे तुमचा पुरावा आहे, जपा. फोनवरून आलेल्या पैशांसाठी बँकेचं वर्षभराचं स्टेटमेंट काढा. किराणा आणि गॅसची बिलं असतील तर जोडा. चार-पाच जुने ग्राहक प्रतिज्ञापत्र द्यायला तयार आहेत का विचारा, त्यातला एखादा कोर्टात उभा राहिला तर फार उपयोग होतो.

दुसरं, डॉक्टर अपंगत्वाचा दाखला देतील त्यात हाताचे टक्के लिहिलेले असतात. कोर्ट तेवढ्यावर थांबत नाही. त्या दुखापतीने तुमच्या कमाईच्या कामावर किती परिणाम झाला हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या एका निकालात सांगितलंय. हात गेलेला सुतार आणि हात गेलेला कारकून यांचं नुकसान सारखं नसतं. तुमचं सगळं काम मनगटावर होतं. म्हणून साक्षीत पोळ्यांचं सविस्तर सांगा: किती लाटायच्या, कणीक किती किलो मळायची, आता काय होतं.

अंदाज यावा म्हणून हिशेब मांडतो, हमी म्हणून नाही. महिना १५ हजार म्हणजे वर्षाला १,८०,०००. स्वतःचा धंदा, वय ४० ते ५०, म्हणून पुढच्या वाढीचे २५ टक्के धरले तर २,२५,०००. कमाईचं कायमचं नुकसान समजा २० टक्के ठरलं, तर वर्षाला ४५,०००. ४१ ते ४५ वयाला गुणक, म्हणजे वर्षाचं नुकसान किती पट धरायचं तो आकडा, १४. झाले ६,३०,०००. त्यावर दवाखाना, बंद पडलेले महिने, वेदना, फिजिओथेरपी, रिक्षाभाडं, पोळ्यांना बाई ठेवावी लागली तर तिचा पगार. आता त्या २५ हजारांकडे बघा.

निशिगंधा_पीटी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताई, मूठ वळत नाही म्हणून कपड्यात बांधून ठेवू नका. सर्जनला विचारून व्यायाम आत्ताच सुरू करा, मनगट आखडलं की सोडवायला फार वेळ जातो. दर वेळी मनगट किती अंशात वळतं आणि पकड किती किलोची आहे हे मोजून लिहून घ्या. उपचार चालू असताना अपंगत्वाचा दाखला घेऊ नका, सुधारणा थांबली की मग घ्या. आणि दवाखान्यातून एमएलसीचा कागद (पोलीस प्रकरण म्हणून दवाखान्याने केलेली दुखापतीची नोंद), डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनआधीचे आणि नंतरचे एक्स-रे मागून घ्या.

कृष्णाकाठ

एक राहिलं. दवाखान्यात येऊन "एक पैसा देऊ नका, निकालात अर्धे माझे" म्हणणारे भेटतील. वडिलांच्या वेळी असाच एक जण भेटला होता, कोऱ्या धनादेशावर सही मागत होता. वकिलाने भरपाईत टक्केवारी घेणं वकिलांच्याच नियमात बसत नाही.

ॲड. माणदेश

बरोबर. ताई, वकिलाची फी जड वाटत असेल तर जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. बायकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हा तुमचा हक्क आहे, मागायला संकोच करू नका.

सईची आई

आज सकाळी यजमान आणि मी पोलीस ठाण्यात जाऊन आलो. आधी "पुण्याला जा" म्हणाले. मी लेखी फिर्याद पुढे ठेवली आणि शून्य क्रमांकाने घ्या म्हटलं. दोन तास बसवून ठेवलं, पण घेतली. प्रत हातात आहे. सही डाव्या हाताने केली, मग त्यांनी शेजारी अंगठाही घेतला.

गाडीमालक बुधवारऐवजी आजच आले होते. पैसे घेतले नाहीत. ते म्हणाले, "ताई, माझ्या गाडीचा विमा आहे, तुम्ही केस केली तरी माझी हरकत नाही, मलाही गॅरेजचं बिल भरायचंय." मला त्यांचा राग नाही आला. विमा पॉलिसीची झेरॉक्स त्यांनी स्वतःहून दिली.

सोमवारी विधी सेवा कार्यालयात जाते आहे. वही, स्टेटमेंट, बिलं, एक्स-रे पिशवीत भरून ठेवलेत. फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे दवाखान्याने पुडीत बांधून दिले होते, तेही न्यायचे का?

ॲड. माणदेश

न्या. आणि पुडीवर दवाखान्याचा शिक्का असेल तर ती उघडू नका.