डिझेल फिल्टर घरी बदलायचाय (बी विंगचा ग्रुप)

सचिन, बी-304: नमस्कार मंडळी. आमच्या डिझेल स्विफ्टचा पिकअप गेलाय. सपाट रस्त्यावर ठीक चालते, पण परवा कुंभार्ली घाट चढताना जोरच धरेना. त्यात डॅशबोर्डवर थेंबांच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. डिझेल फिल्टर असावा. गणपतीला चिपळूणला जायचंय, त्याआधी घरीच बदलावा म्हणतोय. कोणी केलंय का?

मेघना, बी-203: हल्ली इंधनात इथेनॉल घालतात ना, ते पाणी धरतं. त्याचंच असेल.

प्रशांत, बी-602: ताई, ई20 पेट्रोलचं. डिझेलमध्ये इथेनॉल नसतं. डिझेलच्या टाकीत पाणी येतं ते आतल्या दमट हवेमुळे, झाकणाचं रबर गेलं असेल तर, किंवा पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी शिरलं तर.

देशपांडे काका, बी-101: सचिन, तो दिवा म्हणजे फिल्टरच्या तळाशी पाणी साचलंय. दिवा लागलेला असताना गाडी पळवू नकोस. फिल्टर घरी बदलता येतो, अवघड नाही. पण स्वच्छता सांभाळायची तयारी असेल तरच हात घाल.

मी नाशिकला मायकोत (आताची बॉश) नोझलच्या लाइनवर नोकरी केली. नोझल म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारं इंजेक्टरचं तोंड. नोझलची सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट 2-3 मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट. जोडी एकदा लागली की ती सुई दुसऱ्या बॉडीत चालायची नाही. भोकं मिलिमीटरच्या एकदशांशाच्या आसपास. टायरमध्ये हवा 2 बारच्या थोडी वर असते, इथे रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, डिझेल 1,000 बारच्याही वर जातं. या सगळ्याच्या आधी राखण करायला उभा आहे तो हा फिल्टर. शिवाय हाय प्रेशर पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण. पाणी गेलं की पंप आतून घासायला लागतो. म्हणून फिल्टर बदलताना फिल्टरच्या पुढच्या बाजूला कचरा गेला, तर न बदललेला परवडला.

सचिन, बी-304: काका, हेच हवं होतं. दुकानदार म्हणाला मल्टीजेट इंजिन आहे, टाटा व्हिस्टाचा फिल्टरही बसेल.

प्रशांत, बी-602: अजिबात घेऊ नकोस. इंजिन फियाटचं, पण ते किती कंपन्यांनी वापरलं, आणि प्रत्येकीने फिल्टर आपापल्या जागी, आपापल्या पाइपांनी बसवलाय. चॅसी नंबर सांगूनच घे, आणि पक्कं बिल घे.

देशपांडे काका, बी-101: बरोबर. आता कामाचं सांगतो. इंजिन पूर्ण थंड हवं. बॅटरीची निगेटिव्ह सोड. टाकीचं झाकण एकदा उघडून लाव, आत दाब असेल तर सुटेल. फिल्टरच्या भोवतालची धूळ ब्रशने आणि पुसून आधी काढ. पाइप सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढ, आत येणारा कुठला आणि इंजिनकडे जाणारा कुठला ते चुकायला नको. क्लिप दाबून पाइप सरळ ओढायचा, पक्कड लावून पिळायचा नाही, प्लॅस्टिकचं तोंड तुटतं. सुटलेल्या तोंडांवर लगेच स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी बांध. कॉटन वेस्ट कोंबू नकोस, त्याचे धागे आत राहतात.

पाण्याचा सेन्सर जुन्या फिल्टरवरून काढून नव्यावर लावायचा असेल तर ओ-रिंग नवी, तिला डिझेलचं बोट लाव. हाताने घट्ट, मग पान्याने थोडंसं. जास्त आवळलं की आटे जातात. आणि मेकॅनिक लोक नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरतात, ते वरून दिसतं सोपं, पण ते न गाळलेलं डिझेल साफ बाजूला पडलं की सरळ पंपात. त्यापेक्षा रिकामाच बसव आणि एअर, म्हणजे आत अडकलेली हवा, काढ.

वैशाली, बी-502: एअर कशी काढायची काका? आमच्या जुन्या बोलेरोला हाताने दाबायचा पंप होता.

देशपांडे काका, बी-101: तसा पंप किंवा रबरी फुगा असेल तर घट्ट लागेपर्यंत दाबायचा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन, थोडं थांबून ऑफ, असं चार-पाच वेळा, मग सेल्फ. सेल्फ एका वेळी 10 सेकंदांच्या वर मारायचा नाही, मध्ये थंड होऊ द्यायचा. आपल्या गाडीला काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघ.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. एअर काढायला इंजेक्टरचे नट ढिले करायचं कोणी सुचवलं तर ऐकू नका. त्या दाबाची धार कातडीतून आत जाते. वरून बारीक छिद्र दिसतं, पण आत बोट सडू शकतं, तातडीने ऑपरेशन लागतं.

कुलकर्णी (सेक्रेटरी): सचिन, काम जरूर करा. फक्त पार्किंगच्या टाइल्सवर नको, गेटजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावा. खाली ट्रे ठेवा, सांडलं तर लाकडाचा भुसा टाकून भरून घ्या. पाणी मारून गटारात सोडू नका. गेल्या पावसाळ्यात अशाच तेलावरून एक स्कूटर घसरली होती. सकाळी मुलं सायकल खेळतात, ती वेळ सोडून करा.

सचिन, बी-304: नक्की. इंजिन-बॅटरी सगळं बंद असताना करतो, आणि जवळ कोणी सिगारेट पेटवणार नाही याकडे लक्ष ठेवतो.

*(रविवार)*

सचिन, बी-304: झालं! जुन्या फिल्टरमधलं काचेच्या बरणीत ओतून ठेवलंय, फोटो बघा. वर पिवळसर डिझेल, खाली बोटभर पाण्याचा थर, आणि दोघांच्या मध्ये तपकिरी चिकट पट्टा. पहिल्या सेल्फला गाडी लागली नाही.

देशपांडे काका, बी-101: घाबरू नकोस, फिल्टर रिकामा होता. चावी ऑन-ऑफ पुन्हा कर. आणि बरणी टॉर्चसमोर धरून हलव. चकाकणारे धातूचे कण दिसतात का?

सचिन, बी-304: नाही काका, नुसता गाळ आहे. आणि गाडी लागली! आधी थोडी अडखळली, मग आयडल सरळ. दिवाही गेला.

देशपांडे काका, बी-101: छान. कण चमकले असते तर पंप घासतोय असं समजून गाडी जागेवरच ठेवायला सांगितली असती. आता जोडांवर कोरडा टिश्यू धरून बघ, ओला झाला तर जोड गळतोय. रबरी नळ्यांवर, बेल्टवर डिझेल उडालं असेल ते पुसून घे, त्याने रबर फुगतं.

प्रशांत, बी-602: बोटभर पाणी म्हणजे नुसत्या दमटपणाने आलेलं वाटत नाही. टाकीतही असणार. गणपतीला निघायच्या आधी टाकी रिकामी करून घे. आणि डिझेल कुठे भरलं होतंस? त्याची पावती आहे का?

सचिन, बी-304: पावती आहे. आधी त्या पंपावर जाऊन त्यांच्या टाकीच्या काठीला पाणी तपासायची पेस्ट लावून दाखवा म्हणतो.

वैशाली, बी-502: जुना फिल्टर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. बरणीसकट एखाद्या गॅरेजला द्या, त्यांचं जुनं ऑइल नेणारा येतो. माझ्या ओळखीचं गॅरेज आहे, उद्या ऑफिसला जाताना मीच नेऊन देते. बरणीचं झाकण तेवढं घट्ट लावून वॉचमनकडे ठेवा.