थायरॉईडची गोळी सुरू झाल्यापासून सांधे दुखतात, गोळी बंद करावी का?

भुसावळकर: आईचं वय 54, वजन 60 किलो. थायरॉक्सिन 75 मायक्रोग्रॅम सुरू होऊन दोन महिने झाले. टीएसएच (थायरॉईड कमी पडलं की वाढणारा रक्तातला आकडा) 18 वरून 9 वर आलंय, पण सकाळी बोटं आखडतात, गुडघे आणि खांदा दुखतो. गोळी सकाळच्या चहासोबत घेते, कॅल्शियमही तेव्हाच.

तापीकाठ: भाऊ, बंद करू नका. थायरॉईड कमी पडलं की सांधे-स्नायू आखडतात, खांदा जखडतो. ते आजाराचंच लक्षण आहे. 9 म्हणजे औषध अजून पुरतं लागू पडलेलं नाही, आणि कारण बहुतेक त्या चहा-कॅल्शियममध्येच आहे. कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यातच बांधून ठेवतं, रक्तात जाऊ देत नाही. लोहाची गोळी, अ‍ॅसिडिटीचं पातळ औषध यांचंही तेच. गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, मग 30 ते 60 मिनिटं चहासुद्धा नको. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर. मध्ये 4 तास हवेतच.

वेळ बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी टीएसएच करा. त्याआधी केलं तर आकडा फसवतो, कारण रक्तातलं हे औषध निम्मं व्हायलाच साधारण आठवडा लागतो. डोस डॉक्टर त्यानंतर ठरवतील. आत्ताच वाढवला आणि मागून शोषणही सुधारलं तर धडधड, हात थरथरणं सुरू होईल. फार काळ तसंच राहिलं तर हाडं ठिसूळ होतात.

भुसावळकर: आई पहाटे शेतात निघते, चहाशिवाय घराबाहेर पडत नाही.

तापीकाठ: मग रात्री झोपताना द्या, जेवणानंतर 3 तासांनी. रोज तीच वेळ ठेवा, कॅल्शियम दुपारीच राहू द्या.

औषधवाला, जळगाव: दोन गोष्टी जोडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो. थायरॉक्सिन उष्णता आणि ओलाव्याने कमजोर होतं, म्हणून बाटली चुलीजवळच्या फळीवर किंवा गाडीच्या डिकीत नको, घरातल्या गार कपाटात ठेवा.

दुसरं, हे वाचणाऱ्या कुणाची गोळी कार्बिमॅझोल असेल तर वरचा सल्ला त्यांच्यासाठी नाही. ती वाढलेल्या थायरॉईडची गोळी, आणि तिच्यामुळे सांधे खरोखर दुखू शकतात. डॉक्टरांना लगेच कळवा. सोबत ताप किंवा घसा दुखत असेल तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी रक्ताची सीबीसी (पेशींची मोजणी) करा, पांढऱ्या पेशी घटलेल्या असू शकतात.

तापीकाठ: बरोबर. आणि भाऊ, आईच्या बोटांना सूज असेल, आखडणं तासाभराहून जास्त टिकत असेल, तर टीएसएचची वाट पाहू नका. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना आत्ताच विचारा. थायरॉईड आणि आमवात पुष्कळदा एकाच माणसात सापडतात.