‘टेबलात नाही, पण सोडलाही नाही’ याला मराठीत काय म्हणाल?

कानामात्रा
बीएसडी या युनिक्सवंशी घराण्यातल्या एका संगणक-प्रणालीचे संदेश मराठीत आणायचं काम हौसेनं अंगावर घेतलंय. जाळ्याची माहिती दाखवणाऱ्या ‘नेटस्टॅट’ या आज्ञेला आर आणि एस अशी दोन अक्षरं जोडून दिली की राउटिंग टेबलाची, म्हणजे कुठलं पॅकेट (माहितीचा तुकडा) कुठल्या मार्गाने धाडायचं त्या यादीची, आकडेवारी येते. मोजून पाच-सहा ओळी. अर्ध्या तासात उरकेल असं वाटलं होतं; आज तिसरा दिवस.

दोन ओळी अडल्यात. पहिली ‘यूजेस ऑफ अ वाइल्डकार्ड रूट’. मी लिहिलं, ‘वाइल्डकार्ड मार्गाचे उपयोग : ४१२’. मित्र म्हणाला, “उपयोग? शाळेतला निबंध आहे का?” दुसरी ‘रूट्स नॉट इन टेबल बट नॉट फ्रीड’. तिचं मी केलं ‘सारणीत नसलेले पण मुक्त न झालेले मार्ग’. हे वाचून मलाच पिंपळाखाली गेल्यासारखं वाटलं. सुचवा काहीतरी.

खटपट्या
‘उपयोग’ चूकच. तिथे फायदा मोजलेला नाही, खेपा मोजल्यात. पॅकेटच्या पत्त्याला नेमका मार्ग मिळाला नाही आणि सरसकट मार्गावर भागवावं लागलं, असं किती वेळा झालं त्याचा तो आकडा. ‘सरसकट मार्ग वापरला : ४१२ वेळा’ लिहा आणि मोकळे व्हा.

टवाळ
वाइल्डकार्ड म्हणजे पत्त्यातलंच ना? मग ‘हुकमी मार्ग’.

खटपट्या
अगदी उलटं होईल. हुकूम सगळ्यांना मारतो, हा बिचारा सगळ्यांकडून मार खातो. टेबलात नियमच असा, की पत्त्याचे जास्तीत जास्त बिट (०-१ चे अंक) जुळणारी नोंद जिंकते. सरसकट मार्गात जुळवायचे बिट शून्य, त्यामुळे बाकी कोणीही जुळलं की हा बाद.

टवाळ
म्हणजे दुर्री! ‘दुर्री मार्ग’. माझं मत नोंदवून घ्या.

अस्सल
गंमत पुरे. मुळात ‘राउटिंग टेबल’ कशाला? ‘मार्गकोष्टक’ आहे. राउटरला ‘वाटाड्या’ हा झकास शब्द आहे. आपणच वापरत नाही आणि मग मराठीत शब्द नाहीत म्हणून रडतो.

खटपट्या
वाटाड्या तुमच्याबरोबर शेवटपर्यंत चालतो. राउटर पॅकेटला फक्त पुढच्या टप्प्याच्या हवाली करतो, त्यापुढे काय होतं ते पुढच्याने बघावं. हा वाटाड्या नव्हे, चौकातला बाण दाखवणारा खांब.

पाणिनीचा पुतण्या
कानामात्रांची ‘सारणी’च ठेवा. संस्कृतात ‘सारणि’ म्हणजे पाण्याचा पाट, प्रवाह. ज्या कागदावरून वाहतूक कुठे वळवायची ते ठरतं त्याला पाटाचंच नाव, याहून चपखल काय हवं? ‘कोष्टक’ कोष्ठावरून आलं, म्हणजे कोठीवरून. कोठीत धान्य पडून राहतं.

अस्सल
व्युत्पत्ती काहीही असो, आज सारणी म्हटल्यावर कोणाला पाट आठवत नाही. आणि कंसालाही कोष्टक म्हणतात म्हणून मला ते नकोय असं कोणी म्हणायच्या आत सांगतो, ‘तक्ता’ फारसी आहे.

खटपट्या
‘आकडेवारी’च्या निमित्ताने एक. काही राउटरांवर प्रत्येक मार्गापुढे चौकटी कंसात दोन आकडे असतात, ११०/२० असे. पहिल्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स’ म्हणतात. एका प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत त्याचं ‘प्रशासकीय अंतर’ केलेलं होतं. वर्गातल्या निम्म्यांना ते किलोमीटरमध्ये असेल असं वाटलं. खरं तर माहिती कोणाकडून आली आणि तिच्यावर किती विसंबायचं, याचा तो आकडा. सिस्को कंपनीच्या राउटरांत थेट जोडलेल्या जाळ्याला ०, हाताने लिहिलेल्या मार्गाला १; राउटर एकमेकांना मार्ग कळवतात त्या पद्धतींपैकी ओएसपीएफला ११०, रिपला १२०. २५५ असेल तर अजिबात ऐकायचं नाही.

टवाळ
आकडा वाढला की भरवसा कमी. मग ‘अविश्वासांक’ म्हणा.

पाणिनीचा पुतण्या
हसू नका, हा खरंच चांगला शब्द आहे.

अस्सल
प्रथमच टवाळांशी सहमत.

कानामात्रा
माझ्या दुसऱ्या ओळीचं...?

खटपट्या
सांगतो. मार्ग टेबलातून काढला, पण एखादं चालू कनेक्शन अजून तो धरून बसलंय. शेवटचा धरणारा सुटेपर्यंत त्याची मेमरी परत घेता येत नाही. तोवर तो ह्या ओळीत मोजला जातो. पटावरून नाव कमी झालंय, खोली सोडलेली नाही.

पाणिनीचा पुतण्या
पट! ‘मार्गपट’! हजेरीपटासारखा. ‘पटावर नसलेले’ किती सहज वाटतं बघा.

अस्सल
चित्रपटासारखंही वाटतं. मी ‘वाट’ सुचवीन. ‘पटाबाहेरच्या वाटा’.

कानामात्रा
वाट नको, अडचण आहे. इंग्रजीत हा प्रोग्राम आकडा बघून शब्दाला ‘एस’ चिकटवतो. ‘१ मार्ग’, ‘५ मार्ग’ निदान तसंच राहतं. ‘वाट’ची ‘वाटा’ करावी लागते. अर्थात ‘न सुटलेला’चं ‘न सुटलेले’ करावं लागतंच, तिथे मार्गही वाचवत नाही.

अस्सल
म्हणजे इंग्रजीच्या सोयीसाठी मराठीने शब्द निवडायचे?

टवाळ
पण ही आकडेवारी बघतं कोण?

खटपट्या
१२ ऑगस्ट २०१४ ला पुष्कळांनी बघितली. इंटरनेटच्या एकूण मार्गांची संख्या तेव्हा ५१२ ‘के’च्या (‘के’ म्हणजे साधारण हजार) पुढे सरकली. बऱ्याच जुन्या राउटरांत झटपट शोधाच्या मेमरीत जागाच मुळात तेवढ्या नोंदींची ठेवलेली होती. ठिकठिकाणी सेवा कोलमडल्या. टेबलाचा एकूण आकडा आधीपासून डोळ्यांसमोर होता, बघायचं मनावर घेतलं नव्हतं इतकंच.

कानामात्रा
पहिली ओळ ‘सरसकट मार्ग वापरला : ४१२ वेळा’ अशी टाकली. दुसरीत तूर्त ‘यादीतून काढलेले, मेमरी न सोडलेले मार्ग’. लांब आहे, पण भुतं गेली. आता ‘गेटवे’, म्हणजे पॅकेट ज्यातून बाहेरच्या जाळ्यात जातं ते यंत्र, तेवढा राहिलाय.

अस्सल
‘वेस’. याहून चांगला शब्द नाही.

खटपट्या
वेस आत यायची असते. इथे पॅकेट बाहेर जातं.

पाणिनीचा पुतण्या
वेशीतून बाहेर पडता येत नाही असं कोणी सांगितलं तुम्हाला?