पार्किन्सन्सची गोळी वेळेवर मिळावी म्हणून केअर सेंटरवाल्यांशी कसं बोलावं? (जळगाव) मदत हवी आहे

गार्डीणबाई

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण तपशील कळल्याशिवाय तुम्ही तरी काय सांगणार, म्हणून सगळं लिहिते.

माझ्या यजमानांना पार्किन्सन्स आहे. रेल्वेत गार्ड होते, जवळजवळ सगळी नोकरी भुसावळला. गेल्या वर्षी पडले, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून दोन माणसांशिवाय त्यांना उठवणं-बसवणं होत नाही. माझे गुडघे गेलेले, मुलगा पुण्याला. शेवटी जळगावातल्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं. नाव लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नाहीत, मावशी तर जीव लावतात. मला भांडण नकोय, काम व्हायला हवंय.

अडचण गोळ्यांच्या वेळेची आहे. न्यूरोच्या डॉक्टरांनी सिंडोपा सकाळी ७, ११, दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ अशी लिहून दिलीय, खाण्याच्या अर्धा तास आधी. सेंटरमध्ये गोळ्यांचा ट्रे सगळ्यांसाठी एकदमच फिरतो: नाश्त्याला, जेवणाला आणि रात्री. म्हणजे चाराच्या तीन वेळा झाल्या. त्यातही सकाळची गोळी दुधाबरोबर आणि दुपारची वरण-भाताबरोबर. विचारलं तर सिस्टर म्हणते, "आजी, पोटात गेली ना गोळी? मग झालं." मावशींना विचारलं तर त्या म्हणतात, "माय, मना हातमा काय शे?" त्यांचंही खरंच आहे.

ज्यांच्या घरी हा आजार नाही त्यांना अर्ध्या-पाऊण तासाने काय बिघडतं ते कळत नाही. मी परवा गेले तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते आणि ११ ची गोळी मिळाली नव्हती. शर्टाचं वरचं बटण धरून बसले होते. बोटं बटणावर, पण पुढे काही होईना. आवाज इतका बारीक की कान तोंडाशी न्यावा लागला. मी मागे लागून गोळी द्यायला लावली. पाऊण तासाने त्यांनी स्वतः बटण लावलं आणि "चहा सांग" म्हणाले. माणूस तोच, खोली तीच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. मागच्या आठवड्यात रात्री ते ओरडायला लागले, भिंतीवर माणसं दिसतात म्हणाले. तिथल्या ड्युटी डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं. सकाळी मला सांगितलं, "झोपेचं साधं इंजेक्शन होतं." नंतर दोन दिवस हे लाकडासारखे पडून, तोंडातून लाळ, घोट गिळता येईना. नाव विचारलं तर टाळाटाळ. शेवटी एका मावशींनी रिकाम्या अँप्युलचा फोटो पाठवला. हॅलोपेरिडॉल. न्यूरोना फोनवर दाखवलं तर ते चांगलेच चिडले, पार्किन्सन्सला हे द्यायचंच नाही म्हणाले.

आणि माकडहाडावर लाल चट्टा दिसतोय. बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही.

मुलगा म्हणतो, "आई, फार बोलू नकोस, घेऊन जा म्हणतील." माझी भीती वेगळी आहे. मी वाजवून बोलले आणि राग यांच्यावर निघाला तर? हे काही सांगू शकत नाहीत. तर जाणकारांनी सांगावं, बोलायचं कुणाशी आणि कोणत्या भाषेत? बायको म्हणून मला केसपेपर बघायचा हक्क आहे की नाही? आणि हे इंजेक्शन पुन्हा दिलं जाऊ नये याची पक्की सोय कशी करायची?

धुळ्याची सिस्टर

काकू, मी वॉर्डात वीसेक वर्षं काढली आहेत, त्यामुळे पलीकडची बाजू सांगते. सिस्टर दुष्ट नसते. तिच्याकडे पंचवीस पेशंट असतात आणि शीटवर "टीडीएस", म्हणजे दिवसातून तीनदा, लिहिलेलं असलं की ती सवयीने सकाळ-दुपार-रात्र करते. म्हणून तोंडी सांगून उपयोग नाही. न्यूरोंच्या लेटरहेडवर घड्याळाची वेळ टाकून लिहून आणा: ७, ११, ३, ७, रिकाम्या पोटी पाण्याबरोबर, दूध-डाळीबरोबर नाही. प्रोटीनमुळे ही गोळी नीट शोषली जात नाही, हे कारणही त्याच कागदावर असू द्या. कारण कळलं की सिस्टर पाळते. आमचा स्वभावच तसा.

त्याच कागदावर लाल शाईने: हॅलोपेरिडॉल नको, आणि उलटी-मळमळीसाठी मेटोक्लोप्रमाइड नको. हे दुसरं लोक विसरतात, आणि उलटी झाली की पहिलं तेच इंजेक्शन हाताशी येतं. उलटीला आणि भासांना काय चालेल तेही न्यूरोंकडूनच लिहून घ्या. नुसतं "हे नको" लिहिलं तर रात्री दोन वाजता ड्युटी डॉक्टरने करायचं काय?

आता ओरडण्याबद्दल. अचानक एका रात्रीत असं झालं असेल तर आधी लघवी तपासा. म्हाताऱ्या माणसाला लघवीत इन्फेक्शन झालं की ताप येण्याआधी डोकं फिरतं. शौचाला किती दिवस झाली नाही तेही विचारा. आपल्याकडच्या उन्हात पाणी कमी पडलं तरी हेच होतं, आणि भुसावळ-जळगावचा मे महिना मी तुम्हाला काय सांगू!

चट्ट्याचं आजच बोला. दाबून पांढरा पडत नाही म्हणजे बेडसोरची पहिली पायरी. दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड लावायचा, टाचा उशीवर अधांतरी ठेवायच्या. तिथे चोळू अजिबात देऊ नका, मावशी प्रेमाने तेल लावून चोळतात. कातडी फाटली तर मग महिनोन् महिने ड्रेसिंग.

आणि एक: पिशवीतून गोळी नेऊन गुपचूप स्वतः देऊ नका. त्यांनीही दिली तर डबल होईल, हातपाय वळवळायला लागतील. उलट चार-सहा डोस एकदम चुकले तर तेही वाईट. ही गोळी एकाएकी बंद झाली तर अंग कडक होऊन जोराचा ताप येतो, जिवावर बेतू शकतं.

तापीकाठ

सिस्टरांनी औषधाचं सांगितलंच आहे, मी कागदाचं सांगतो. आईसाठी यातून गेलोय.

पहिलं विचारा, सेंटरची नोंदणी कशाखाली आहे? नुसता वृद्धाश्रम असेल तर इंजेक्शन कोण आणि कोणत्या अधिकारात देतंय हा प्रश्नच आहे. आजारी माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा होत असेल तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ लागतो. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची असते. रिसेप्शनच्या भिंतीवर आहे का बघा. गणपतीच्या फोटोशेजारी बरेचदा फक्त दरपत्रक असतं.

केसपेपरचं: वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत स्पष्ट आहे की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे. साध्या कागदावर अर्ज करा, यजमानांची सही किंवा अंगठा घ्या की माझ्या वतीने पत्नीला द्यावे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पोच द्यायला कुरकुर केली तर ईमेल करा.

तक्रारीची पायरी शेवटची. जळगाव शहरात असेल तर महापालिकेचे वैद्यकीय आरोग्य अधिकारी, हद्दीबाहेर असेल तर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात चौकशी करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, बोलून मोकळं व्हायलासुद्धा बरी. ग्राहक आयोगाचं आत्ता डोक्यात आणू नका.

अमळनेरकर

एवढी गोडीगुलाबी कशाला? पैसे मोजतोय आपण. सरळ व्हिडिओ काढा आणि फेसबुकवर टाका, दुसऱ्या दिवशी सुतासारखे सरळ येतात.

तापीकाठ

@अमळनेरकर, येतील की. पण रात्री दोनला त्यांच्या उशाशी तुम्ही नसता, मीही नसतो. आणि व्हिडिओत बाकीचे पेशंट येतात, त्यांच्या घरच्यांना विचारलंय का?

ताई, व्हिडिओपेक्षा वही ठेवा. तारीख, गोळीची वेळ, किती वाजता दिली, कुणी दिली, त्यानंतर कसे होते. पलंगाला अडकवून ठेवा, सगळ्यांना दिसेल अशी. आमच्याकडे वही लटकली आणि गोळ्यांची वेळ आपोआप सुधारली, कुणाला एक शब्द बोलावं लागलं नाही.

गार्डीणबाई

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगते.

न्यूरोंनी पत्र दिलं, सिस्टरांनी सांगितलं तसंच, कारणांसकट. ते घेऊन मी सेंटरच्या मोठ्या डॉक्टरांना भेटले. सकाळची गर्दी टाळून दुपारी गेले आणि मुलाला फोनवर घेतलं. मुलगा आधी "मी कशाला" म्हणत होता, पण त्याचा आवाज आल्यावर खुर्ची मिळाली, हेही नमूद करते! बाई एकटी आली की रडायलाच आली असं समजतात. मी फक्त एवढंच म्हटलं, "साहेब, हे आयुष्यभर गाडीच्या टाइमटेबलवर चालले, आता त्यांच्या अंगाचं टाइमटेबल या गोळीवर आहे." ते हसले आणि मग नीट ऐकलं.

पत्राची प्रत फाइलच्या पहिल्या पानाला लावली. फाइलच्या कव्हरवर लाल स्टिकर लागलं, दोन्ही इंजेक्शनांची नावं टाकून. लघवीत इन्फेक्शन निघालंच, अँटिबायोटिक सुरू आहे, भिंतीवरची माणसं गेली. एअर बेड भाड्याने आणला. कूस बदलायचं दिवसा होतंय, रात्रीचं मला खात्रीने सांगता येत नाही. केसपेपरचा अर्ज दिला, पोच मिळाली, कागद यायचे आहेत. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर नव्हती. त्याचा विषय मी आत्ता काढला नाही, हातचा ठेवलाय.

७ आणि ११ जमलंय. अडतंय ते ३ च्या गोळीला, कारण २ वाजता ड्युटी बदलते आणि जाणारी सिस्टर येणारीला सांगत नाही. वॉर्डातल्या मामांनी स्वतःच्या मोबाइलवर गजर लावलाय, पण त्यांची सुट्टी गुरुवारी असते.

तापीकाठ, तुमच्या वहीतल्या रकान्यांचा फोटो इथे टाकाल का? आणि सिस्टर, ड्युटी बदलताना तुमच्याकडे पेशंट एकमेकींना सोपवता त्या रजिस्टरमध्ये अशी वेळेची गोळी कुठे लिहितात? तेच शब्द वापरून मी यांना सांगते.