पहिली बायको असताना दुसरं लग्न : पोलिसांनी थेट गुन्हा नोंदवावा का?

मीरा_सातारा : माझ्या मते नोंदवावाच. मुंबई प्रांताने हिंदूंमधलं द्विपत्नीत्व १९४६ सालीच बंद केलं, हिंदू विवाह कायदा येण्याच्या नऊ वर्षं आधी. शिक्षा सात वर्षांपर्यंत. पण गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस स्वतःहून कारवाई करू शकत नाहीत! पहिलीने किंवा तिच्या माहेरच्यांनी कोर्टात जायचं आणि दुसरं लग्न विधिवत लागलं हेही सिद्ध करायचं. भाऊराव लोखंडे खटल्यात कपाळाला कपाळ लावून दुसरं लग्न लागल्याची साक्ष झाली, पण होम-सप्तपदी नव्हती, म्हणून १९६५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपींना सोडलं. चोरून लग्न उरकणारा माणूस सप्तपदीचे पुरावे मागे ठेवेल का?

तालुका_वकील : ताई, राग समजतो, पण मी विरोधात आहे. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक जणी म्हणतात, "त्यांना आत टाकू नका, पोरांचा खर्च तेवढा बांधून द्या." नवरा आत गेला की घरात येणारा पैसा बंद. आणि दुसरीचं काय? तिचं लग्नच बेकायदा. पहिलं लग्न लपवून फसवलेल्या बाईला पोटगी मिळू शकते, हे सुप्रीम कोर्टाला २०१३ मध्ये सांगावं लागलं. पोरं तेवढी कायद्याने औरस.

दादा_कोल्हापूर : मुसलमानांना चार चालतात, त्यावर का गप्प?

मीरा_सातारा : गप्प नाही, तिथेही बंदीच हवी. पण शेजारच्या घरात चालतं म्हणून आपल्या घरातल्या बाईने सोसायचं का?

शहापूरकर : आमच्या तालुक्यात डेंगणमाळला 'पाणीवाली बाई' म्हणून दुसरी, तिसरी बायको आणल्याच्या बातम्या २०१५ मध्ये जगभर गेल्या. पहिली पोरांत अडकलेली, विहीर लांब. आणलेल्या बऱ्याच जणी विधवा, टाकलेल्या; त्यांना निदान छप्पर मिळालं. तिथे पोलीस पाठवून काय करणार? नळ द्या.

मीरा_सातारा : नळ द्याच. पण हंडे त्या नवऱ्यालाही उचलता येतात. छपराच्या बदल्यात बाईला आयुष्यभर पाण्याला जुंपणं मला मान्य नाही. आणि वकीलसाहेब, नवऱ्याच्याच घरात राहणारी, त्याच्याच पैशावर जगणारी बाई त्याच्याविरुद्ध कोर्टाची पायरी चढणार कशी?

तालुका_वकील : हा मुद्दा मान्य. गुन्हा नोंदवला त्याच महिन्यापासून दोघींना अंतरिम पोटगी, तीही त्याच्या पगारातून किंवा जमिनीच्या उत्पन्नातून परस्पर कापून, एवढं कायद्यात घाला. मग मी तुमच्या बाजूने. त्याशिवाय नाही.